मल्टी-डोमेन सर्किटचं ऑटोमेशन: वीस वर्षं झाली, अजून मेलच टाकतोय आपण?

मुठेकाठचा (धागाकर्ता)

काल रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटला तेव्हा एकाच सर्किटसाठी माझ्याकडून बाविसावा मेल गेला होता, त्या तिरमिरीतच हा धागा काढतोय, भाषा थोडी इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

मी युरोपातल्या एका रिसर्च नेटवर्कच्या ऑपरेशन्समध्ये आहे. ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची स्वतःची वेगळी नेटवर्कं असतात. अमेरिकेत ईएसनेट आणि इंटरनेट२, युरोपात जेआंट आणि त्याखाली देशोदेशीची, म्हणजे डचांचं सर्फ, नॉर्डिकवाल्यांचं नॉर्डयुनेट वगैरे, आपल्याकडे नॅशनल नॉलेज नेटवर्क. आता समजा एका लॅबला दुसऱ्या खंडातल्या लॅबकडे आठवडाभर रोज काही टेराबाइट ढकलायचेत आणि त्यासाठी बाकीच्या गर्दीपासून वेगळी, ठरलेल्या रुंदीची वाट हवीय, तिलाच सर्किट म्हणायचं. ती वाट तीन-चार नेटवर्कांतून (म्हणजे डोमेनांतून) जाते, प्रत्येकाचा मालक वेगळा, डबे (स्विच-राउटर) वेगळे, नियम वेगळे. पूर्वी प्रत्येक नॉकला (नेटवर्कच्या कंट्रोल रूमला) मेल, मग फोन, मग एक्सेलशीट, आणि तीन-चार आठवडे. हे सगळं सॉफ्टवेअरनं आपापसात बोलून काही मिनिटांत उरकावं ही कल्पना २००३-०४ पासूनची आहे. अमेरिकेत ड्रॅगन आणि ईएसनेटचं ऑस्कर्स, कॅनडात कॅनरीचं यूसीएलपी, युरोपात ऑटोबान. प्रत्येकाची बोली वेगळी, म्हणून मग ओपन ग्रिड फोरममध्ये बसून एनएसआय नावाचा कॉमन प्रोटोकॉल केला, त्याची दुसरी आवृत्ती २०१४ ची.

तो काय करतो हे सांगायला लग्नासारखं उदाहरण नाही. मुहूर्त ठरलाय, कार्यालय, केटरर, गुरुजी, बँड सगळे त्याच दिवशी मोकळे हवेत. तुम्ही आधी सगळ्यांना म्हणता, तारीख धरून ठेवा, संध्याकाळपर्यंत कळवतो. सगळ्यांचा होकार आला की पक्कं. एक जरी नाही म्हणाला की बाकीच्यांची धरलेली तारीख सोडून द्यायची. एनएसआयमध्ये हेच, आधी रिझर्व्ह, मग कमिट नाहीतर अबॉर्ट, आणि धरून ठेवण्याला टायमर, तो संपला की आपोआप सुटतं. कागदावर सुंदर आहे हो, मी स्वतः चार लोकांसमोर उभं राहून याचं कौतुक केलेलं आहे.

आता माझं सर्किट. चार डोमेन. रिझर्व्ह आणि कमिट मिनिटाच्या आत, स्क्रीनवर चारही ठिपके हिरवेगार. आणि डेटा? सुरू होतो आणि जागच्या जागी अडकतो. १४७२ बाइटचा पिंग जातोय, ८९७२ चा मरतोय. म्हणजे मधल्या कुठल्यातरी पोर्टवर जंबो फ्रेम (९००० बाइटपर्यंतची मोठी पॅकेटं) चालू नाहीत. कुठल्या पोर्टवर? ते सांगायला त्या हिरव्या ठिपक्यांपैकी एकही तयार नाही. मधल्या एका नेटवर्कवाल्यांनी (नाव नको) पहिले चार दिवस "आमच्या बाजूने सगळं क्लीन" हे एकच वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांकडून पाठवलं, मग कुणाची तरी सुट्टी, मग वीकेंड, मग तो पोर्ट नक्की कुणाच्या टीमचा यावर दोन दिवस, असं करत नवव्या दिवशी एका भल्या माणसानं एक ओळ बदलली आणि धाडकन सुरू झालं. तोपर्यंत त्या संशोधकांनी आपला डेटा साध्या आयपीवरून पाठवून पण टाकला होता!! जरा हळू गेला इतकंच.

तर माझं म्हणणं असं की हा हट्ट सोडा. डोमेनांमधलं ऑटोमेशन हे कॉन्फरन्समधल्या डेमोपुरतं राहिलंय, तोच पैसा जाड पाइप घालण्यात आणि नीट मॉनिटरिंगमध्ये घाला. बोला.

खोडदकर

भावा तुझा राग समजला पण निष्कर्ष साफ चुकलाय.

मी मूळ खोडदचा, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघत मोठा झालो, आता बाहेरदेशी व्हीएलबीआयमध्ये आहे. व्हीएलबीआय म्हणजे हजारो किलोमीटरवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघतात आणि सगळ्यांचा कच्चा डेटा एका जागी आणून जुळवायचा. पूर्वी हे डिस्कच्या पेट्या कुरियरनं पाठवून चालायचं. निरीक्षण आज, आणि दुर्बिणीची एक केबल ढिली होती हे कळणार तीन आठवड्यांनी. मग ई-व्हीएलबीआय आलं, डेटा थेट नेटवर्कवरून नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या केंद्रात. २००७ ला ऑस्ट्रेलियातल्या तीन दुर्बिणींचा डेटा असाच लाइव्ह युरोपात आणला होता, प्रत्येकीचा ५१२ मेगाबिट. त्यासाठी किती देशांतल्या किती लोकांना किती मेल गेले असतील याचा विचार कर आणि मग सांग ऑटोमेशन नको.

आमचं सेशन दहा-बारा तासांचं असतं, कधी कुठली दुर्बीण सामील होणार हे बदलत असतं, आणि कुठे काही स्फोट-बिफोट झाला आकाशात तर त्याच दिवशी बघायचं असतं. तीन आठवडे कुणाकडे आहेत?

मुठेकाठचा

@खोडदकर, एक सरळ प्रश्न. तुमच्या डेटातली थोडी पॅकेट वाटेत गळाली तर?

खोडदकर

थोडी गळाली तर चालतं. सिग्नल किंचित कमजोर होतो, कोरिलेशन (जुळवणी) होतंच. आम्ही यूडीपीनंच पाठवतो, हरवलेलं पॅकेट परत पाठवायची भानगड त्यात नाही.

मुठेकाठचा

मग तुला सर्किट लागतंच कशाला रे! मी गॅरंटीवाल्या वाटेबद्दल बोलतोय आणि तू म्हणतोस गळकी पण चालते 😀

खोडदकर

हसून घे. सर्किट आम्हाला वाचवायला नाहीच आहे, सर्किट बाकीच्यांना आमच्यापासून वाचवायला आहे. यूडीपी कुणासाठी थांबत नाही, दहा दुर्बिणी प्रत्येकी एक-दोन गिगाबिटनं तासन्‌तास ओतायला लागल्या की त्याच पाइपवरच्या बिचाऱ्या, गर्दी दिसली की वेग कमी करणाऱ्या टीसीपीवाल्यांनी कुठे जायचं? गावातून उसाच्या ट्रॉल्या न्यायच्या तर बायपास लागतो. ट्रॉलीला काय, ती एसटी स्टँडवरून पण जाईल.

डीबीलॉस

दोघांच्या भांडणात नाक खुपसतोय. धाग्यात सगळे लाइटपाथ (फायबरमधली प्रकाशाची स्वतंत्र वाट), ऑप्टिकल वगैरेच्या थाटात बोलतायत, पण यात लाइट आहे कुठे? तुम्ही जे मिनिटात उभं करता ते आधीच पेटवून ठेवलेल्या तरंगलांबीवरचं इथरनेट व्हीलॅन, म्हणजे नंबर देऊन वेगळं काढलेलं आभासी जाळं असतं. खरी नवी वेव्ह अशी मिनिटात उभी राहत नाही.

का, तर फायबरमधे एक नवा रंग घातला की वाटेतल्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरची एकूण पॉवर बदलते, शेजारच्या चॅनलचा गेन हलतो, म्हणून हळूहळू पायऱ्यापायऱ्यांनी पॉवर चढवायची, समतोल करायचा, मग पुढचा टप्पा. घाई केली तर तुमचा दिवा लागताना शेजाऱ्याचा मिणमिणतो आणि त्या शेजाऱ्यावर कुणाचं तरी १०० गिगाबिट चालू असतं. एकाच कंपनीच्या डब्यांमधे हे सॉफ्टवेअर सांभाळतं. दोन मालकांच्या हद्दीवर? तिथे एकाची वेव्ह दुसऱ्याच्या लाइनवर परकी म्हणून जाते, होतं ते, पण आधी माणसं बसून लिंकचं गणित मांडतात. जीएमपीएलएस या कंट्रोल प्रोटोकॉलांचं आर्किटेक्चर २००४ साली आरएफसी ३९४५ या इंटरनेटच्या दस्तऐवजात आलं तेव्हा वाटलं होतं की स्विच, राउटर, काच सगळं एकाच भाषेत बोलणार आता. मी तेव्हा नुकताच लागलो होतो नोकरीला, भारावून गेलो होतो. असो.

मुठेकाठचा

@डीबीलॉस सहमत. आणि त्या व्हीलॅनचीही गंमत सांगतो. वापरता येण्यासारखे नंबर ४०९४. वाटेतल्या नेटवर्कांना नंबर बदलून द्यायची सोय नसेल तर एकच नंबर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांकडे मोकळा पाहिजे. म्हणजे पुणे-नाशिक, नाशिक-धुळे, धुळे-इंदूर अशा तीन गाड्या बदलायच्यात आणि तिन्हीत १७ नंबरचीच सीट मिळाली तरच तिकीट. गाड्या अर्ध्या रिकाम्या असतात आणि तिकीट मिळत नाही.

खोडदकर

नंबर बदलून देणारे डबे कधीचे आलेत, २०१० मध्ये अडकू नकोस.

मुठेकाठचा

डबे आलेत. सगळ्यांच्या हद्दीवर बसवलेत का?

सदाशिव काका

मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो, वय विचारू नका. एनएसआय वगैरे मला ओ की ठो कळत नाही पण हा वाद मी तरुणपणी ऐकलेला आहे, फक्त तेव्हा विषय ट्रंक कॉलचा होता.

ऐकून माहीत असेल, १८० फिरवायचा, नंबर सांगायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि फोनशेजारी बसून राहायचं. आमची मुलगी, म्हणजे ऑपरेटर, ती पुढच्या एक्स्चेंजच्या मुलीला उठवणार, ती तिच्या पुढच्या. मधली एक लाइन बिझी की सगळं सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तुमचं ते रिझर्व्ह आणि अबॉर्ट आम्ही कॉर्ड हातात धरून करत होतो बरं का! तेव्हाही लोक म्हणायचे, यंत्राला कसं कळणार कुठून वळवायचं, ऑपरेटरला अनुभव असतो. देशातलं पहिलं एसटीडी १९६० ला लखनौ-कानपूर सुरू झालं. सगळीकडे पोचायला पुढे कित्येक वर्षं लागली, पण लागली म्हणून कुणी ते सोडून द्या म्हणालं नाही. आणि एक आठवण, लोकल जंक्शनसाठी देशातली पहिली फायबर १९७९ ला आपल्या पुण्यातच टाकली. धागाकर्त्यांनी धीर धरावा.

मुठेकाठचा

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद वाचून मजा आली पण उदाहरण माझ्याच बाजूनं जातंय. लखनौचं एक्स्चेंज आणि कानपूरचं एक्स्चेंज एकाच खात्याचं होतं. वर एक साहेब, खाली हुकूम. तसं असेल तर ऑटोमेशन चालतंच, ईएसनेटचं ऑस्कर्स त्यांच्या स्वतःच्या नेटवर्कवर वर्षानुवर्षं छान चालू आहे, २०१३ ला त्याला आर अँड डी १०० पुरस्कार पण मिळाला, मी कुठे नाही म्हणतोय. माझा मुद्दा एका घरातल्या कामाचा नाहीच. चार घरांमधल्याचा आहे.

सदाशिव काका

मग परदेशी कॉल? आयएसडी? पुण्यातून डायल केलेला कॉल न्यूयॉर्कला वाजायचा तो काय एका खात्यात होता काय. तीन देशांतून जायचा, तिन्ही सरकारं वेगळी, एकमेकांशी पटायचंच असंही नाही.

तो चालायचा कारण महिन्याअखेर हिशोब व्हायचा. किती मिनिटं तुमच्याकडून आमच्याकडे आली, किती आमच्याकडून तुमच्याकडे गेली, दर ठरलेला, फरक चुकता करायचा. मधल्या देशाला कॉल येऊ दे असं वाटायचं, कारण प्रत्येक मिनिटाचे पैसे मिळत. तुमच्या या सर्किटांचे मधल्या नेटवर्कला काय मिळतं?

मुठेकाठचा

काही नाही.

सदाशिव काका

मग तो हो का म्हणेल?

मुठेकाठचा

काका हे असं डोक्यातच नव्हतं आलं माझ्या, खरं सांगतो. आमच्याकडे नेटवर्कं एकमेकांना सर्किटमागे बिल लावत नाहीत. अटलांटिकखालची क्षमता लोक वर्गणी काढून घेतात, उदाहरणार्थ २०१३ ला संशोधनासाठीची पहिली १०० गिगाबिटची अटलांटिकपार लाइन झाली ती इंटरनेट२, नॉर्डयुनेट, ईएसनेट, सर्फनेट, कॅनरी आणि जेआंट अशा सहा जणांनी मिळून. आणि मग वापर आपापसात सलोख्यानं. सलोखा म्हणजे कुणीतरी माणूस मेल वाचून "हां हे आपलेच" म्हणणार. सॉफ्टवेअरला सलोखा समजत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी प्रोटोकॉल पुढे धावतो आणि शेवटच्या पायरीवर "मान्यता प्रलंबित" म्हणून एका माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन बसतो. आमच्या धंद्यात एनओसी म्हणजे नेटवर्क ऑपरेशन सेंटर, पण काम अडतं ते दुसऱ्या एनओसीवर, ना हरकत दाखल्यावर.

चिमणराव२.०

अडाणी प्रश्न. यूपीआय कसं चालतं मग? माझी सहकारी बँक, भाजीवाल्याची वेगळी बँक, मधे फोनवरचं अ‍ॅप तिसऱ्याचं, आणि दोन सेकंदात टिंग. बँकांचं तर एकमेकांशी सलोखा सोडाच, उलटंच असतं. इतक्या हुशार शास्त्रज्ञांना जमत नाही होय?

डीबीलॉस

@चिमणराव, मधे यूपीआय चालवणारं एनपीसीआय बसलंय आणि वर रिझर्व्ह बँकेची काठी आहे. जगभरच्या रिसर्च नेटवर्कांवर काठी कुणाची?

जीएलआयएफ नावाची मंडळी होती, २००३ ला रेकयाविकला जमून केलेली, लाइटपाथ वाटून घेणाऱ्यांचा एक मोकळा गट. मुद्दाम मोकळा. शिकागोचं स्टारलाइट, अ‍ॅमस्टरडॅमचं नेदरलाइट ही त्यांची एक्स्चेंजेस, आणि एक्स्चेंजचा नियम हाच की आम्ही कुणाला अडवणार नाही, ज्याची लाइन त्यानं ठरवावं. फार चांगला नियम आहे, त्यामुळेच हे सगळं वाढलं. पण मग मधे एक साहेब नाही हेही आलंच. एनएसआयमधे पण केंद्र नाही, प्रत्येक नेटवर्कचा एजंट, तो पुढच्याला विचारतो किंवा एखादा अ‍ॅग्रिगेटर सगळ्यांना वेगवेगळं विचारतो. हुकूम कुणाचाच नाही, सगळ्या विनंत्या.

चिमणराव२.०

म्हणजे सोसायटीची जनरल बॉडी. समजलं.

जिनिव्हाकर

उशिरा आले, रात्रपाळी होती. मी सर्नच्या एलएचसी या कणत्वरकाच्या डेटा ट्रान्सफरच्या बाजूला काम करते. वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि माझ्या मते धागाकर्ता आणि खोडदकर दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतायत.

आधी धागाकर्त्याच्या बाजूनं एक गोष्ट, मग त्याच्या विरुद्ध. २०१०-११ च्या सुमारास एलएचसीच्या प्रयोगांचं डेटा वाटप बदललं. आधी उतरंड होती, सर्नपासून टियर-१ म्हणजे मोठी केंद्रं, तिथून टियर-२ म्हणजे छोटी, मग कळलं की कुठल्याही टियर-२ ला कुठूनही डेटा ओढू दिला तर काम जास्त चांगलं होतं. त्यासाठी एलएचसीवन नावाचं जाळं उभं केलं. तेव्हा ऑटोमॅटिक पॉइंट-टू-पॉइंट सर्किटं हा त्यातला एक मोठा भाग असणार होता. गणित करा, दीडशे केंद्रं धरली तर जोड्या होतात ११,१७५. प्रत्येक जोडीला सर्किट कोण मागणार, कधी सोडणार? शेवटी जिंकला तो लेयर-३ व्हीपीएन, म्हणजे सगळ्यांसाठी एक बंदिस्त खासगी आयपी जाळं, जाड पाइपांवर. मुंबईचं टीआयएफआर हे सीएमएस या एलएचसीवरच्या प्रयोगाचं टियर-२ आहे, त्यांच्यासारख्यांना सर्किट मागत बसावं लागत नाही, जाळ्यात असणं पुरे. सर्किटं प्रयोगापुरती उरली. इथपर्यंत धागाकर्त्याला शंभर मार्क.

आता विरुद्ध. ते जमलं कारण पाइप रिकामे होते. एलएचसीची पुढची, जास्त तीव्रतेची आवृत्ती २०३० च्या आसपास सुरू व्हायचीय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोन आठवडे डेटा चॅलेंज केलं, त्या नव्या आवृत्तीच्या वेळी अपेक्षित असलेल्या वेगाच्या फक्त चौथ्या हिश्श्याचं लक्ष्य ठेवून, आणि तेवढ्यातसुद्धा काही ठिकाणी दम लागलेला दिसला. नेटवर्कवर आम्ही एकटे पण नाही, पलीकडून एसकेए ही महाकाय रेडिओ दुर्बीण येतेय, तिथून प्रादेशिक केंद्रांकडे वर्षाला ७०० पेटाबाइटच्या आसपास येणार म्हणतात, आणि भारतानं त्यात जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी मंजूर केलेत, पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राला हे रोजचं काम होणार आहे. म्हणजे जाड पाइप घाला हे उत्तर तोपर्यंतच बरोबर जोपर्यंत पाइप भरत नाही.

आणि त्यावर जे चालू आहे ते तुमच्या लग्नाच्या कार्यालयासारखं नाही. ट्रान्सफर सॉफ्टवेअरच्या रांगेत पुढचे काही तास कुठून कुठे किती जाणार हे आधीच लिहिलेलं असतं. सर्नचं नोटेड नावाचं काम ती रांग वाचतं आणि लाइन तुंबणार असं दिसलं की काही ट्रॅफिक दुसऱ्या मोकळ्या लाइनवर वळवतं. अमेरिकेतलं सेन्स त्याहून पुढे जाऊन डेटा मॅनेजरलाच नेटवर्ककडून वाट मागू देतं. म्हणजे मागणारा माणूसच नाही. तुमचे बावीस मेल गेले कारण सर्किट एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या वतीनं मागितलं होतं.

मुठेकाठचा

ताई, मागणारा माणूस नाही हे मान्य. देणारा?

जिनिव्हाकर

तिथे अजून माणूस आहे 🙂 खोटं कशाला बोलू.

पण तुझ्या जंबो फ्रेमचं सांगते, तो दोष ऑटोमेशनचा नाही, अर्धवट ऑटोमेशनचा आहे. हिरवा ठिपका म्हणजे "मी माझ्या डब्यावर कॉन्फिग टाकली" एवढंच. वाहतंय का ते कुणी बघितलंच नाही. ईएसनेटचं ते प्रसिद्ध उदाहरण माहीत असेल तुला, एक बिघडत चाललेलं लाइनकार्ड २२,००० पॅकेटांत एक पॅकेट गाळत होतं. एक! डब्यानं स्वतः काहीच तक्रार केली नाही, सगळं हिरवं. आणि लांबच्या अंतरावर टीसीपीचा वेग तेवढ्यानं कोसळतो, कारण १०० मिलिसेकंदांच्या रस्त्यावर १० गिगाबिट चालवायला कुठल्याही क्षणी १२५ एमबी वाटेत असावे लागतात, एक पॅकेट हरवलं की टीसीपी घाबरून मागे येतो आणि परत तिथवर चढायला त्याला कितीतरी वेळ लागतो. पर्फसोनार हे नेटवर्क मोजायचं सॉफ्टवेअर कशासाठी केलंय? सर्किट उभं राहिलं की दोन्ही टोकांच्या पर्फसोनार डब्यांनी ९००० बाइटची फ्रेम एकमेकांकडे फेकावी, पाच मिनिटं थ्रूपुट बघावा, मग ठिपका हिरवा करावा. तोपर्यंत पिवळा. हे करायला नवा प्रोटोकॉल लागत नाही.

मुठेकाठचा

मधल्या डोमेनमध्ये टेस्ट पॉइंट द्यायला कोण तयार होतं? टोकांना कळेल की तुटलंय. कुठे तुटलंय ते नाही कळणार. मी नऊ दिवस त्यातच घालवले.

जिनिव्हाकर

निदान पहिल्या दिवशी पिवळा दिसला असता आणि "आमच्याकडे क्लीन" असं लिहिणाऱ्याला ते लिहिता आलं नसतं.

मुठेकाठचा

हे मात्र खरंय.

खोडदकर

मी म्हणतोय ते ताई नीट बोलल्या, +१.

पोस्टमन

इतकं सगळं करण्यापेक्षा विमानानं डिस्क पाठवा हो. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपवाल्यांनी २०१७ चा पाच पेटाबाइट डेटा असाच नेला आणि कृष्णविवराचा फोटो काढला की. मेल नाही, व्हीलॅन नाही, एनओसी तर नाहीच.

खोडदकर

हो, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या, डिसेंबर उजाडला. तिथे फायबरच नाही म्हणून विमान. जिथे फायबर आहे तिथे विमान वापरायचं म्हणजे नळ असताना टँकर मागवण्यासारखं आहे.

डीबीलॉस

आमच्याकडे नळ असून टँकरच येतो, तो विषय वेगळा.

मेघा_हैदराबाद

मी एका गटात पीएचडी करत होते तेव्हा असं ऑटोमॅटिक सर्किट एकदा बुक केलं होतं, म्हणजे वरच्या सगळ्या थोर लोकांपुढे माझा अनुभव फारच बावळट आहे पण सांगते. सकाळी दहाला डेमो. फॉर्ममध्ये दहा टाकले, सगळ्या डोमेनांचा होकार, मी खूश, सर बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले. दहा वाजले काही नाही. साडेदहा. सर माझ्याकडे बघतायत, मी स्क्रीनकडे. पाहुणे चहा पिऊन गेले. दुपारी साडेतीनला सर्किट आपोआप, एकदम वेळेवर, सुंदर उभं राहिलं. फॉर्म यूटीसीत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत होता.

म्हणून मला वाटतं मधे एखादा माणूस असलेला बरा, त्यानं निदान विचारलं असतं की बाई तुम्हाला नक्की दुपारीच हवंय का.

सदाशिव काका

@मेघा, आमची ऑपरेटर नक्की विचारायची. वर "जेवण झालं का" पण विचारायची.

जिनिव्हाकर

@मुठेकाठचा, शेवटचा प्रश्न आणि मग मी झोपते. पैशाचा मुद्दा काकांनी बरोबर काढला, पण पैसे न लावताही तोडगा आहे. प्रत्येक नेटवर्कनं आधीच जाहीर करायचं की इतक्या गिगाबिटपर्यंत, इतक्या तासांपर्यंत, ओळखीच्या नेटवर्काकडून मागणी आली तर माणसाला न विचारता हो. त्यावर गेलं तर मेल. तुमच्या साहेबांना हे विचारायची तयारी आहे का तुझी? म्हणजे हट्ट सोडायचा की नाही ते तुझ्या घरापासूनच कळेल.

मुठेकाठचा

विचारतो. सोमवारी.

मुठेकाठचा

धागा वर काढतोय, सोमवार झाला. विचारलं.

आधी म्हणाले प्रपोजल मेल कर. मी म्हटलं दोन मिनिटं तोंडी ऐका, आणि काकांचा आयएसडीचा हिशोब सांगितला, तर हसले, आणि चक्क हो म्हणाले. एक गिगाबिटपर्यंत, चार तासांपर्यंत, तीन शेजारी नेटवर्कांसाठी, माणसाला न विचारता. सहा महिने करून बघू. ताईंचा पिवळा ठिपका पण घालणार आहोत, निदान आमच्या हद्दीपर्यंत तरी.

एक अट घातली. फक्त ऑफिसच्या वेळेत.

खोडदकर

ऑफिसच्या वेळेत का? आकाश नऊ ते पाच चालतं का रे?

मुठेकाठचा

मी पण विचारलं. म्हणाले, चुकलं तर बघायला कुणीतरी बसलेलं पाहिजे ना.

सदाशिव काका

म्हणजे १८० नंबर चालू आहे अजून.